आतल्या बाजूची किल्ली

१

कुलपाचा धंदा म्हणजे संशयाचा धंदा. लोक एकमेकांवर विश्वास टाकायला लागले तर आपण काय खायचं, वारा? असं किल्लीवाला गिऱ्हाइकांना हसत हसत विचारायचा. त्याचं खरं नाव गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. सगळे किल्लीवाला म्हणत, आणि रागावली की बायकोही तेच म्हणे.

दुपारचा त्याचा नेम ठरलेला. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचं, कोपऱ्यावरून वळायचं, जिना चढायचा आणि घरी एकट्या असलेल्या सासूबाईंना अन्न गरम करून वाढायचं. बायको हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला होती, ती संध्याकाळीच यायची. घर सासूबाईंचं, हा घरजावई. याला स्वतःचं असं मागेपुढे कोणी नव्हतं. "पोरी सासरी जातात, मला मात्र सासरातच माहेर मिळालं," असं तो चेष्टेत म्हणायचा, पण ती काही निव्वळ चेष्टा नव्हती. त्या दोन खोल्या आणि ती एक बायको गेली, तर या माणसाला जगात दार ठोठावायला दुसरी जागा नव्हती.

सासूबाई भाविक होत्या. त्यांची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना कधी चुकली नाही, बाकी सगळं मात्र वर्षभरापासून चुकत चाललं होतं. एका सकाळी त्या घरातल्या सपातांवर थेट मोठ्या रस्त्यावर गेल्या आणि मालट्रकांच्या मधोमध उभ्या राहून, कधीच देवाघरी गेलेल्या नवऱ्याची वाट बघू लागल्या. एका ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्याच दिवशी किल्लीवाल्याने दाराचं जुनं कुलूप काढून दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारं नवं बसवलं. आता बाहेर पडायलाही किल्ली लागणार. दार नुसतं ओढलं तरी खटका बसायचा, आणि वर किल्लीचे दोन वेढे दिले की दार पक्कं बंद. किल्ल्या दोनच केल्या, एक त्याच्याकडे आणि एक बायकोकडे.

त्या कुलपाची एक खोड होती. आतल्या भोकात किल्ली राहून गेली, की बाहेरची किल्ली अर्ध्यावरच अडते. मग कितीही नावाजलेला कारागीर बोलवा, दार फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून घरात त्याचा कडक नियम होता, आत आल्यावर किल्ली काढून घ्यायची. बायको एकदा विसरली, तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

त्या दुपारी त्याने किल्ली घातली, आणि ती अर्ध्यावर अडली.

हाताला ते लगेच कळलं. घाण बसली की किल्ली खरखरते, आतली पिन वाकली की तिरकी होते. हे तसलं काही नव्हतं. समोरून दुसरी किल्ली घातलेली होती आणि टोकाला टोक भिडत होतं. त्याने किल्ली काढली, पँटला पुसली. "आई?" अशी हाक मारली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्याने पुन्हा किल्ली घातली, तर ती सुळ्ळकन आत गेली.

सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. आतल्या भोकात काही नव्हतं. त्याने स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. घरात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"चला आई, जेवून घ्या," तो म्हणाला.

"झालं की माझं जेवण," सासूबाई म्हणाल्या. "तूच नाही का वाढलंस मघाशी?"

त्याला वाटलं, झालं, डोकं आणखी एक पायरी खाली उतरलं. पण ओट्यावर त्यांचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं, आणि सासूबाईंचे पांढरे केस नीट विंचरून त्यांची बारीक वेणी घातलेली होती. आठवडाभर त्या केसांना कोणाचा हात लागला नव्हता.

२

संध्याकाळी बायको आली. चपला काढता काढताच तिचं लक्ष आईच्या वेणीकडे गेलं, आणि ती तशीच एका पायावर थबकली.

"अहो, आईची वेणी तुम्ही घातलीत?"

आता इथे सरळ "नाही" म्हणायला हवं होतं. पण बायकोच्या चेहऱ्यावर असं काही आलं होतं, जे त्याने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलंच नव्हतं. चोराला आयतं दार उघडं मिळावं तसं त्याचं झालं.

"हं," तो म्हणाला.

"मला वाटायचं तुम्हाला आईचा वैताग येतो."

"येतो. म्हणून काय वेणी घालू नये?"

ती हसली आणि त्याच्या ताटात अन्न जरा जास्तच वाढलं. तो जेवला, पण घास फिरत होता. वेणी कोणी घातली? सासूबाईंचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. दार बंद होतं. एक किल्ली त्याच्या खिशात होती आणि दुसरी बायकोच्या पर्समध्ये, लाँड्रीच्या कपाटात. माणसाचं डोकं असतं मोठं चलाख. त्याने ठरवलं, की सासूबाईंचे हात अधूनमधून वर जात असावेत. आजारी माणसाचं काही सांगता येत नाही.

पुढे बायको रोज काहीतरी नवीन बघायची आणि विचारायची. आईची उशी उन्हात घातलीत का? खिडकीची काच पुसलीत का? तो "हं" म्हणायचा. एकदा गिळलेलं "नाही" नंतर वर येत नाही. बायकोचं बोलणं गोड झालं, झोपताना ती त्याच्या दंडावर हात ठेवू लागली. सासूबाईंशी त्याचं विळ्याभोपळ्याचं नसलं तरी गूळपीठही कधी नव्हतं, आणि आता आयतं श्रेय मिळतंय तर घेऊ, असं त्याला वाटलं असेल तर त्याला एकट्याला दोष देता येणार नाही. फुकटचं कोणाला कडू लागतं?

सासूबाई मात्र त्याच्याकडे टक लावून बघायच्या. एकदा तो त्यांच्यासमोर गोळी धरून उभा होता, तर म्हणाल्या, "तू मघाचा नव्हेस."

"मघाचा म्हणजे?"

"तो घाई करत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि मुकाट्याने गोळी गिळली.

३

शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांची आणि यांची भिंत एकच. त्या एका सकाळी जिन्यात भेटल्या.

"दादा, जावई असावा तर तुमच्यासारखा."

"का हो ताई, काय झालं?"

"रोज दुपारी ऐकते ना मी. मशीन थांबवून ऐकते. किती छान गाता हो तुम्ही सासूबाईंना! आणि त्या तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, तरी तुमचं आपलं 'मग काय झालं, मग काय झालं' चालूच. आमच्या ह्यांनी माझ्या आईला एवढं कधी ऐकून घेतलं असतं, तर मी रोज यांची आरती ओवाळली असती."

किल्लीवाल्याचा आवाज म्हणजे पत्र्यावर कानस. तो न्हाणीघरातसुद्धा गात नसे.

"काल दुपारीपण?" त्याने विचारलं.

"काल तर किती वेळ होतात. जेवणानंतर थेट चहापर्यंत."

काल जेवणानंतर तो दुकानात एका कारखानदाराच्या तिजोरीशी झोंबत बसला होता. त्याचा पहिला संशय साधा, चार माणसांना येईल तसाच होता. कोणीतरी माणूस घरात येतोय. आवाज काढायला पटाईत, कुलपात वाकबगार. म्हाताऱ्या बाईला गोड बोलून घोळात घ्यायचं आणि एक दिवस घराच्या कागदावर अंगठा उठवून घ्यायचा. असले भामटे काय कमी आहेत? गोड माणसाचा त्याला आधीपासूनच भरवसा नव्हता. तुसड्या माणसाला काही नको असतं. गोड माणसाला काहीतरी हवं असतं.

त्याने त्याच दिवशी कुलपाचा गाभा बदलला आणि नव्या किल्ल्या स्वतः घासल्या. किल्ली घासून झाली की तिच्या खांद्यावर कानशीचे तीन तिरपे हात मारायचे, ही त्याची सवय. त्याने शिकवलेलं कोणी नव्हतं, त्यामुळे तसे हात दुसरं कोणी मारत नसे. दारात बाहेर बघायचं भिंगही बसवलं. बायकोला सांगितलं, गिऱ्हाइकाचं राहिलेलं सामान होतं, म्हटलं आपल्याला लावू.

दुसऱ्या दुपारी नवी किल्ली अर्ध्यावर अडली. त्याने कान दाराला लावला. आत कोणीतरी हळू आवाजात गात होतं. आवाज ओळखीचा होता आणि नव्हताही, आपलं बोलणं टेपवर ऐकताना वाटतं तसं. गाणं थांबलं. किल्ली सुळ्ळकन आत गेली.

४

"आई, दुपारी कोण येतं?" त्याने शेवटी विचारलं. त्यांच्यासमोर उकिडवा बसून, जमेल तेवढ्या मऊपणाने विचारलं.

सासूबाईंनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, एक गोष्ट सुरू केली. ती त्याने आधी निम्मी-अर्धी ऐकली होती आणि दर वेळी मध्येच उठून गेला होता. प्रभूचा एक शिष्य तुरुंगात असतो. दोन साखळ्यांनी बांधलेला, दोन्हीकडे शिपाई. तेवढ्यात कोठडीत उजेड पडतो. देवदूत येतो, त्याला कुशीत ढोसून उठवतो. साखळ्या गळून पडतात आणि लोखंडी दरवाजा आपला आपण उघडतो.

"म्हणजे ते कुलूप बसवणाऱ्याला सांगा धंदा बदलायला," किल्लीवाला म्हणाला.

"पुढे ऐक," सासूबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांचे डोळे लख्ख होते. "तो शिष्य सुटतो आणि आपल्या माणसांच्या घरी येतो. आत सगळे त्याच्यासाठीच प्रार्थना करत असतात. तो दार ठोठावतो. एक मुलगी जाते, त्याचा आवाज ओळखते, आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच विसरते. पळत आत येऊन सांगते, तो आलाय. तर घरातले काय म्हणतात ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणतात, तो नव्हे. त्याचा दूत असेल."

पंख्याची पाती संथ फिरत होती. किल्लीवाल्याला आपण का विचारतोय ते कळेना, तरी त्याने विचारलं, "त्याचा दूत म्हणजे?"

"ज्याचा त्याचा असतो. सांभाळायला नेमलेला. त्यांना वाटलं, त्याच्यासारखा दिसतो, त्याच्याच आवाजात बोलतो."

"सगळ्यांचा असतो?"

"विश्वास ठेवणाऱ्यांचा."

"मग माझा प्रश्नच मिटला," तो हसून उठला. चर्चमध्ये तो जायचा तो लग्नाला आणि मयताला, तेही मागच्या बाकावर.

सासूबाईंनी त्याचा हात धरला. त्या हातात अजून बरंच बळ होतं. "तुझ्यासाठी कोणी मागणारं नव्हतं रे बाळा. ना आई, ना बाप. तू दमतोस, चिडतोस. म्हणून मीच मागितला. रोज मागितला. तुझा."

५

चर्चचे पाळक त्याच आठवड्यात दुकानात आले. चर्चमधल्या कपाटाची किल्ली हरवली होती. किल्लीवाल्याने कपाटाचं कुलूप हातात घेऊन फिरवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाळकसाहेब, देवदूत असतात का हो?"

"असतात," पाळक म्हणाले. "विश्वासणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले असतात. राखण करतात, सोडवतात, वाट दाखवतात."

"कोणाची जागाही घेतात का?"

पाळक हसले. "जागा कशाला घेतील? ते काय भाडेकरू आहेत?"

"आणि आलेला चांगला की वाईट, हे कसं ओळखायचं?"

"तसं सोपं नाही. पण शास्त्रात देवदूत येतो तेव्हा बहुतेक वेळा पहिलं वाक्य एकच असतं. भिऊ नकोस." पाळकांनी खिशातून पैसे काढले. "घरी सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," किल्लीवाला म्हणाला.

पाळक गेले. तो मशीनवर किल्ली लावून बसून राहिला. पाळकांना ते वाक्य गोड वाटत होतं. याला वाटलं, जो घरात पाऊल टाकताच 'भिऊ नकोस' म्हणतो, त्याला आपल्याला पाहून माणसं काय करतात ते पुरतं ठाऊक असलं पाहिजे.

६

शेवटी त्याने तेच केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सकाळी बायको कामाला गेल्यावर तो दुकानात गेलाच नाही. सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून आतल्या खोलीत, कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत स्टूल टाकून बसला. खोलीचं दार फटीपुरतं उघडं ठेवलं. हातात मोठा पाना घेतला. चोर असला तर एका तडाख्यात आडवा करायचा.

शेजारचं शिवणाचं मशीन चालत होतं, थांबत होतं. नळ ठिबकत होता. दुपार चढली. त्याला पेंग येऊ लागली, आणि आपण किती मूर्ख दिसत असू या विचाराने हसूही. तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. एक वेढा, मग दुसरा.

त्याने हा आवाज जन्मभर ऐकला होता. बाहेरून फिरवलेली किल्ली आणि आतून फिरवलेली किल्ली यांचा आवाज एक नसतो. ही आतून फिरली होती. दार उघडलं नव्हतं, कोणी आत आलं नव्हतं, जे काही होतं ते आधीच खोलीत होतं आणि त्याने दार लावून घेतलं होतं.

"आलास?" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लहान मुलीसारखा आनंद होता.

"आलो," त्याच्याच आवाजाने उत्तर दिलं.

किल्लीवाल्याने फटीला डोळा लावला. त्याला पाठ दिसली. त्याचाच निळा शर्ट, मानेवर तोच उसवलेला टाका. बुटक्या वेताच्या खुर्चीवर तो बसला होता. ती खुर्ची किल्लीवाल्याच्या वजनाने दर वेळी करकरते, पण ती आता गप्प होती. त्या माणसाने सासूबाईंचा पाय मांडीवर घेतला होता आणि तो त्यांची नखं कापत होता, एकेक, अजिबात घाई न करता. दाराच्या आतल्या भोकात किल्ली होती. तिच्या खांद्यावर कानशीचे तीन तिरपे हात इथूनही दिसत होते.

मग त्याला अंगठा दिसला. किल्लीवाल्याच्या उजव्या अंगठ्यावर नखाशेजारी एक खोल व्रण होता, शिकाऊ असताना कानस निसटून बसलेला. तो अंगठा पितळेने काळाही असायचा, कितीही घासला तरी. हा अंगठा तसाच रुंद होता, पण स्वच्छ आणि बिनव्रणाचा.

पाना उचलायला हवा होता. त्याचा हात उठला नाही. भीती होतीच, ती खोटी कशाला सांगा. पण सासूबाईंचा चेहरा त्या पाठीच्या पलीकडे दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मध्ये पडायला आपण कोण, असं त्याला क्षणभर वाटलं. त्या एका क्षणाची त्याला नंतर फार चीड आली.

नखं कापून झाली. त्या माणसाने सासूबाईंचा पाय अलगद खाली ठेवला. मान न वळवता, कपाटाकडे न बघता तो म्हणाला, "भिऊ नकोस."

सासूबाई मुळीच भ्यालेल्या नव्हत्या.

७

त्या संध्याकाळी त्याने बायकोला स्वयंपाकघरात उभं करून सगळं सांगितलं. वेणी, उशी, गाणं, नखं. ती ऐकत राहिली, आणि तिचा चेहरा हळूहळू बंद होत गेला.

"म्हणजे तुम्ही इतके दिवस 'हं' म्हणालात ते खोटं?"

"मुद्दा तो नाहीये! घरात कोणीतरी येतंय, माझ्यासारखा दिसतोय, माझ्या आवाजात..."

"वेणी तुम्ही घातली नाहीत. नखं तुम्ही कापली नाहीत. आईशी बोलत बसणारे तुम्ही नाही." ती एकेक शब्द सावकाश बोलत होती. "मग तुम्ही नक्की केलंत काय?"

तो ओरडला. आपला खरेपणा आवाजात असतो अशी काही माणसांची समजूत असते. "तुला पुरावा हवा ना? त्याच्या अंगठ्यावर खूण नाही! माझ्या आहे, हा बघ. आणि त्याचा हात पितळेने काळा नाही. एवढं लक्षात ठेव आणि उद्या स्वतः बघ!"

बाहेरच्या खोलीत सासूबाई कोणाला तरी हळूच म्हणाल्या, "ऐकलंस?"

बायकोने डोकावून पाहिलं. आई खुर्चीत एकटीच बसली होती.

मग किल्लीवाल्याच्या तोंडून ते निघून गेलं. "बास झालं. आईंना वृद्धाश्रमात ठेवायचं. मी उद्याच त्यांची गाडी बोलावतो. ज्या घरात त्या नाहीत त्या घरात हेही येणार नाही."

"घर आईचं आहे," बायको म्हणाली.

"मग मी काय हवेत लटकू?"

रात्री तिने आपलं अंथरूण आईच्या पलंगाशेजारी घातलं. सकाळी तिने कामावर रजा कळवली, आणि तो निघताना दार लावायलाही उठली नाही.

८

दुकानात त्याचा हात चालेना. एक सोपी किल्ली त्याने दोनदा बिघडवली. आश्रमाला फोन तर केला होता, गाडी दुपारनंतर येणार होती. त्याला सारखी सासूबाईंची ती लख्ख नजर आठवत होती. तुझ्यासाठी कोणी मागणारं नव्हतं रे बाळा. जन्मात त्याच्यासाठी कोणी देवाकडे काही मागितलं नव्हतं, आणि जिने मागितलं तिला तो गाडीत घालून पाठवणार होता. दुपार व्हायच्या आत त्याने फोन उचलला आणि सांगितलं, गाडी नको. मग समोरच्या दुकानातून एक नेलकटर आणि रुंद दातांची फणी घेतली. या वस्तू घेताना त्याला एवढी लाज वाटली की त्याने दुकानदाराला उगाच सांगितलं, सासूबाईंसाठी आहेत.

जिना चढून त्याने किल्ली घातली. ती अर्ध्यावर अडली.

बायको घरी आहे, तिने किल्ली आत ठेवली असणार, त्याने स्वतःला समजावलं. त्याने दार ठोठावलं. आत हसण्याचा आवाज होता, बायकोचा आणि सासूबाईंचा. तो थांबला.

"कोण आहे?" बायकोने विचारलं.

"मी."

मग बायको म्हणाली, पण त्याला नव्हे, आत कोणाला तरी, "अहो, बाहेरून तुमचाच आवाज येतोय."

किल्लीवाला दाराला भिडला. "अगं, उघड! तो मी नाही! मी इथे आहे, बाहेर!"

दारातल्या भिंगामागे उजेड गेला. कोणीतरी बघत होतं. त्याने उजवा अंगठा भिंगासमोर धरला. "ही बघ खूण! आणि हा काळा हात! काल सांगितलं ना तुला, त्याच्या हाताला हे नाही!"

आत पावलं दारापासून दूर गेली आणि परत आली.

"यांच्याही आहे," बायको म्हणाली. "दोघांच्याही आहे."

"मी गाडी नको म्हणून सांगितलं गं! आईंना कुठे पाठवत नाही. मी चुकलो. फणी आणलीय बघ मी त्यांच्यासाठी."

"ते यांनी सकाळीच सांगितलं मला. पाया पडून सांगितलं. आईचे केससुद्धा विंचरून झाले." ती आता रडत होती. तिने कपाळ दाराला टेकलं असावं, कारण तिचा श्वास अगदी जवळून येत होता. "हे बघा, तुम्ही असाल ना, तर मला एक सांगा. या घरात फक्त तुम्हीच केलंय असं एक काहीतरी सांगा. दुसऱ्या कोणी नाही. मी उघडते."

किल्लीवाल्याने तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं घर त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. वेणी नव्हे, उशी नव्हे, गाणं नव्हे, गोष्टही नव्हे, तीसुद्धा त्याने कधी शेवटपर्यंत ऐकली नव्हती. हाताशी एकच गोष्ट लागली, आणि ती खरी होती.

"हे कुलूप," तो म्हणाला. "आईंना बाहेर जाता येऊ नये म्हणून. ते मी लावलं."

शेजारचं शिवणाचं मशीन थांबलं. मग सासूबाईंचा आवाज आला, स्वच्छ आणि मायेचा, त्यांच्या चांगल्या दिवसांतल्यासारखा.

"उघडू नकोस गं पोरी. तो नव्हे. त्याचा दूत असेल."

"भिऊ नकोस," दुसरा आवाज म्हणाला. तो दाराच्या अगदी पलीकडून, त्याच्या तोंडासमोरून आला. तो कोणाला म्हणाला, हे या खेपेला किल्लीवाल्याला नीट कळलं.

अवजारं खाली दुकानात होती. दार फोडायला त्याला फार वेळ लागला नसता. पण दार फोडून जो आत शिरेल, त्याच्याकडे त्या दोघी कसं बघतील, तेही त्याला दिसत होतं. तो फणी हातात धरून उभा राहिला.

आत किल्ली फिरली, उघडायच्या नव्हे, लावायच्या बाजूला. एक वेढा. मग मध्ये जरासं थांबणं, आणि मग दुसरा. तो आवाज त्याने हजारदा ऐकला होता. दोन वेढ्यांच्या मध्ये अशी थांबायची सवय घरात फक्त त्याच्या बायकोला होती.